माझी हरकत होती

"हो कुणगो कालपर्यंत उभो होतो," दादा म्हणाला आणि बांधावर खाली बसला.

कुणगा म्हणजे भाताचा तुकडा. आमच्या तेंबवाडीत डोंगराच्या उतारावर असे लहान लहान तुकडेच आहेत, सलग शेत म्हणून कुणाचं नाहीच. समोरचा तुकडा पार झोपला होता. रानडुकरं नुसती खात नाहीत. खातात थोडं, लोळतात जास्त, आणि मुळासकट उकरून ठेवतात ते वेगळंच. पिवळं पडायला लागलेलं भात चिखलात तुडवलं गेलं होतं. एसटीतून उतरून मी घरात पिशवी टाकली होती आणि चहाही न घेता दादाच्या मागोमाग इथे आले होते, कारण वहिनी म्हणाली होती, "आधी शेत बघून येवा, वन्स. मगे च्या."

"डबे वाजवलंस नाय?" मी विचारलं.

"वाजवले. फटाके लावले. जुनी लुगडी बांधली. तेंका आता सगळा ठावक झालाहा. डबो वाजलो की मान वर करून बघतत आणि परत खाली घालतत."

हे बोलून दादाने हसायला हवं होतं. माझा भाऊ अनंत धुरी म्हणजे वाडीतला टवाळ माणूस. मयताला गेला तरी कुणाच्या ना कुणाच्या कानात काहीतरी पुटपुटून त्याला अडचणीत आणणारा. डुकरांच्या नकला तर तो अशा करायचा की पोरं पोट धरून लोळायची. पण आज तो रेशनच्या दुकानातले भाव सांगावेत तसं बोलला आणि तुडवलेल्या भाताकडे बघत राहिला. आप्पा जाऊन सात-आठ महिनेच झाले होते. त्याआधीची दोन वर्षं आप्पांचं सगळं अंथरुणातच होतं आणि ते सगळं दादाने केलं होतं. थकला असेल, असं मी मनात म्हटलं. मीही थकलेलीच होते. घाट उतरून येणारी ती गाडी हाडं खिळखिळी करून सोडते.

मी आले होते ते बंदुकीच्या कामासाठी. आप्पांच्या नावावर एक ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावरची. परवानेवाला माणूस गेला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तशी ती केली होती. आता ती दादाच्या नावावर व्हायची तर बाकीच्या वारसांनी ठाण्यात जाऊन 'आमची हरकत नाही' असा जबाब द्यायचा. आई आधीच गेलेली, तेव्हा बाकीचे वारस म्हणजे मी एकटी. त्यासाठी गडहिंग्लजच्या पोस्टातून रजा काढून आले होते. उद्या ठाण्यात जायचं, सही करायची आणि तिथूनच परतीची गाडी धरायची. माझ्या मते काम एवढंच होतं.

घरी परत आलो तर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वाडी जमलेली. राऊळकाका खुर्चीत, बाकीचे जमिनीवर. राऊळकाका वाडीचे मुख्य. आप्पांचे जिवलग, आणि माझ्या लग्नात आप्पांपेक्षा जास्त रडलेले.

"चेडवा, इलंस?" ते म्हणाले. "बरा केलंस. उद्याचा काम केलंस की वाडी तुका धा पिढ्ये इसराची नाय."

"काका, सही तर करायची आहे," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"काय एवढा? अगो, नवीन लायसन आता कोणाक गावणा नाय. मिया अर्ज केलंय, दळव्यान केल्यान. वर्षां झाली. साहेब म्हणता, डुकरां इली तर आमका कळवा, आमी पंचनामो करू. पंचनामो! डुकरां पंचनाम्याक थांबतत? आख्ख्या वाडीत एक बंदूक, ती तुझ्या बापाशीची. ती गेली तर ह्या डोंगरार परत बंदूक येवची नाय. लिवन ठेय."

खांबाला टेकून बसलेले जनार्दन मेस्त्री घसा खाकरले. मेस्त्री एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन गावी आलेले. ते कधी कुणाच्या बाजूने बोलत नसत.

"मी म्हणतंय, गेली तर जावंदे," मेस्त्री म्हणाले. "पलीकडल्या गावात काय झाला? डुक्कर म्हणान बार काढल्यान आणि चुलतभाव पडलो. तुमका पोटाक होया भात, आणि भाताक होयी बंदूक. पण बंदूक घरात इली म्हणजे ती भातापुरती थोडीच रवतली?"

"तो सोरो पिवन गेललो." राऊळकाकांच्या मते दोष दारूचा होता.

"पिवन गेलो काय नि नाय पिता गेलो काय, मेललो उठान बसलो?"

"मेस्त्र्या, तुका पेन्शन आसा," राऊळकाका तडकले. "तू भात इकत घेतलंस. आमी काय खावचा? बंदूक वायट, खरा. कोयतो बरो आसा? चुलीतलो इस्तो बरो आसा? माणूस बरो आसलो तर सगळा बरा. अनंतासारखो सरळ माणूस दाखव माका धा गावांत."

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादा पायरीवर बसून सुपारी कातरत होता. कातरून झालेली पुन्हा कातरत होता.

"काय रे अनंता?"

"वाडी म्हणता तर घेवक होयी," दादा म्हणाला.

राऊळकाकांना तेवढं पुरलं. आमच्याकडे बंदुकीचा एक जुना रिवाज होता, तो त्यांनी मला पुन्हा ऐकवला. डुक्कर पडलं की त्याचे वाटे घालायचे. हाकाऱ्यांचा एकेक वाटा, कुत्र्यांचा एक, आणि एक वाटा खुद्द बंदुकीचा. सरकारी कागदावर ती फक्त पीक राखायला होती, पण वाडीच्या लेखी ती वाडीतलं एक माणूसच होती आणि माणसाला वाटा मिळायलाच हवा. बंदूक काही खात नाही, त्यामुळे तो वाटा आमच्या चुलीवर शिजायचा.

"त्या वाट्यार तू वाढलंस, कुंदा," राऊळकाका म्हणाले. "बंदूक धुऱ्यांची, पण खरी ती वाडीची. उद्या तुझ्या बापाशीक बरा वाटतला."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे काहीही कारण नव्हतं. मंडळी उठली. जाताना प्रत्येकजण दादाच्या पाठीवर थाप मारून गेला आणि प्रत्येक थापेबरोबर दादा थोडा थोडा वाकत गेला असं मला वाटलं. पण तेव्हा मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

जेवणं झाल्यावर वहिनीने धुणं उचललं. "व्हाळार येतास?" तिने विचारलं. घरात नळ आलेला होता, तरी व्हाळावर, त्या ओढ्यावर, धुवायला कशाला, हे माझ्या डोक्यात आलं, पण मी गेले.

शेवंतीवहिनी मोजकं बोलणारी बाई. तिने दगडावर चादर आपटायला सुरुवात केली आणि आपटता आपटताच, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "वन्स, उद्या सई करू नकात."

मला वाटलं, काहीतरी जमिनीचं असेल. वहिनीच्या माहेरच्यांनी काही भरवलं असेल.

"कित्याक?"

ती चादर आपटत राहिली. मग थांबली, आणि दोन्ही हात पाण्यात तसेच ठेवून बसली.

"गणपतीआधी एक दिस दुपारी मी गोठ्यात गेलंय. हे थंय बसलेले. हातात दावा. काय करतास म्हणान इचारलंय, तर म्हणाले, गुरांचा दावा बदलतंय." तिने माझ्याकडे बघितलं. "वन्स, गुरां खंय आसत आमची? ती चैतातच इकली."

पाणी वाहत होतं. दावा म्हणजे दावं, गुरं बांधायची दोरी.

"काय झालाहा तेका?" मी कसंबसं विचारलं.

"काय झाला नाय. तांच तर. काय झाला आसता तर मी काय तरी केलंय आसतंय. आप्पा होते तवसर हे रातदीस उभे होते. आप्पा गेले आणि हे बसले. झोप नाय, जेवण नाय, बोलणा नाय. खळ्यात चार माणसां इली की तेवढ्यापुरते बोलतत. ती गेली की भिंतीकडे बघीत बसतत. डॉक्टराकडे नेलंय, तर पोटात दुखता म्हणान सांगल्यानी तेका. तेनी पोटाच्यो गोळ्यो दिल्यान."

"आणि ता दावा?"

"लपयलंय. सगळा लपयलंय. कोयतो माळ्यार, फवारणीचा औषध मेस्त्र्यांकडे ठेवलंय. बावडेर पाणी काढूक एकट्याक सोडणंय नाय. पण बंदूक कशी लपवू, वन्स? ती लायसनान येतली. वाजत येतली. वाडी येवन नारळ फोडतली, भिंतीर टांगतली. आणि मी काय सांगान तेंका?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिने चादर पिळायला घेतली, एक टोक मला धरायला दिलं आणि आम्ही दोघींनी मिळून ती पिळली.

"तुमीच ठाण्यात सांगा," मी म्हटलं. "बायको आहात. तुमचं ऐकतील."

"सांगलंय तर सांजेक वाडीत होतला. घोव येडो झालो म्हणान बायल सांगता. ह्यांका ता कळला की पुरा झाला. येकदा लाज वाटली की मगे मी खंय खंय धावतलंय?"

"आणि भात?"

"जावंदे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माका ठावक आसा, आमचा एकट्याचा नाय जावचा. सगळ्यांचाच जातला. राऊळकाकांचा जातला. तेंच्या घरात खाणारी आठ तोंडां. पाप लागतला ता माका लागांदे."

मला राग आला. आधी दादाचा आला, मग वहिनीचा, मग मेलेल्या आप्पांचा. बंदुकीचा तर आलाच, आणि राऊळकाकांच्या त्या खऱ्याखुऱ्या आठ तोंडांचाही आला. सगळ्यांचं सगळं बरोबर होतं आणि सही माझी हवी होती. धुण्याची बालदी घेऊन मी चढ चढायला लागले. मला फक्त परत जाऊन पोस्टाच्या काऊंटरवर बसायचं होतं. तिथे निदान तिकिटावर शिक्का मारला की काम संपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊळकाकांनी टमटम सांगितली होती. ते स्वतः धुतलेलं धोतर नेसून पुढे बसले. मागे मी आणि दादा. रस्ताभर राऊळकाका मागे वळून आप्पांच्या गोष्टी सांगत होते आणि दादा योग्य त्या ठिकाणी "होय" म्हणत होता. मी त्याच्या हातांकडे बघत होते. चांगले रुंद, कष्टाचे हात. मांडीवर पालथे पडले होते, आपले नसावेत तसे.

रात्रभर मी विचार केला होता. खरं सांगावं, तर ते जबाबात येणार. डॉक्टरचा दाखला आणा म्हणणार. राऊळकाका बाजूलाच बसलेले. वाडीत पोचायच्या आत बातमी पोचणार. सही करावी, तर वहिनीचं तोंड समोर येत होतं. आणि काहीच न सांगता 'हरकत आहे' म्हणावं, तर हरकत काय ते लिहावंच लागणार.

ठाण्यात फौजदार शिंगाडे होते. सोलापूरकडचा माणूस, कोकणातल्या दमटपणाला कंटाळलेला. गळ्यात रुमाल, पुढ्यात कागदांचा ढीग, पंखा बंद.

"या. कुंदा पाटणे आपणच? माहेरच्या धुरी?" त्यांनी लिहायला सुरुवातही केली होती. "मयत परवानाधारक आपले वडील. बंदूक भावाच्या नावे व्हायला आपली काही हरकत नाही. बरोबर? इथं सही करा."

"हरकत आहे," मी म्हटलं.

लेखणी थांबली. राऊळकाका म्हणाले, "काय?"

"माझी हरकत आहे."

"कसली?" फौजदारांनी विचारलं.

मी खरोखर काही ठरवलेलं नव्हतं. तोंडात आलं ते बोलले.

"बंदूक मला पाहिजे."

शिंगाड्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चष्मा, हातात पर्स, पायात बाटाच्या चपला.

"तुम्हाला? कुठं असता आपण?"

"गडहिंग्लजला. पोस्टात."

"पोस्टात डुकरं येतात?"

"आप्पांची आठवण म्हणून पाहिजे."

"आठवण?" राऊळकाका उठून उभे राहिले. "कुंदा, ती काय आवशीची पाटली आसा? आठवण होयी तर बापाशीचो फोटो घेवन जा! ह्या काय बोलतंस तू?"

"मीही आप्पांची वारस आहे," मी म्हटलं. आवाज चढवला, कारण हळू बोलले असते तर तो कापला असता. "लग्नात मी काही मागितलं नाही. जमिनीत मागितलं नाही. एवढी एक वस्तू मागते आहे. बंदूक मी सोडणार नाही."

"वाडीचा भात जाता थंय! पोरां उपाशी मरतली!"

"ते मला सांगू नका."

हे वाक्य मी बोलले. राऊळकाकांना. त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली होती. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि मग ते असे काही खाली बसले की माझ्याच्याने बघवेना.

शिंगाड्यांनी रुमालाने मान पुसली. असले भाऊबहिणींचे तमाशे त्यांनी रोज बघितलेले असणार. "बाई, एक सांगतो. वारसात वाद असला तर बंदूक इथंच राहणार. ना तुम्हाला, ना ह्यांना. परवाना लोंबकळत पडणार, बहुतेक मरणारच. पुन्हा विचार करा."

"केला."

"मग लिहू?"

"लिहा."

ते दादाकडे वळले. "धुरी, तुमचं काय म्हणणं?"

मी दादाकडे बघितलं नाही. माझी छातीच झाली नाही. लहानपणी एकदा मी त्याची विटी चुलीत घातली होती तेव्हा त्याने मला सगळ्या वाडीतून पळवलं होतं. तो ओरडेल, हात उचलेल, निदान 'कुंदा' म्हणेल, असं वाटत होतं. खोलीत पाल चुकचुकली. राऊळकाका म्हणाले, "अनंता, बोल!"

"तिचो हक्क आसा, साहेब," दादा म्हणाला. "लिवा."

"अनंता!"

"काय करू मगे, काका? भैण आसा. हक्क सांगता. नाय कसा म्हणू?"

आता मी बघितलं. दादा खुर्चीत मागे टेकला होता. टमटममध्ये, खळ्यात, बांधावर, दोन दिवसांत कुठेच मी त्याला टेकून बसलेलं बघितलं नव्हतं. डोक्यावरचा लाकडाचा भारा उतरवल्यावर माणसाचे खांदे पडतात, तसे त्याचे पडले होते. आणि तो श्वास घेत होता.

तेव्हा मला कळलं. वहिनीलाही जे कळलं नव्हतं ते. आम्हाला वाटत होतं बंदूक त्याला हवी आहे. त्याला ती नकोच होती.

सह्या झाल्या. बाहेर आल्यावर राऊळकाका माझ्या पायांपुढे थुंकले. टमटमवाल्याला चल म्हणाले आणि दादाला हाक मारली. दादा म्हणाला, "तुमी जावा, काका. मी हिका गाडीर बसवन येतंय. दोन गोष्टी बोलाच्यो आसत हिच्याशी." हे तो मुद्दाम मोठ्याने आणि रागाने बोलला. टमटम गेली.

एसटी स्टँडसमोर चहाची टपरी होती. आम्ही बाकावर बसलो. दादाने चहात पाव बुडवला आणि खाल्ला. मग आणखी एक मागवला आणि तोही खाल्ला. मी नुसती बघत होते.

"शेवंतीन सांगल्यान?" त्याने पावाकडे बघत विचारलं.

"काय?"

"काय ता तुका ठावक आसा."

"माका कोणी काय सांगूक नाय," मी म्हटलं. "माका बंदूक होयी."

"बंदूक खंयच्या बाजून धरतत ता तरी ठावक आसा तुका?"

"शिकान."

तो हसला. मोठं नाही, नाकातल्या नाकात. पण हसला.

समोर एक गाडी लागली, भरली आणि गेली. माझी नव्हती.

"माका नाय म्हणूक जमला नाय, कुंदा," तो म्हणाला. "आख्खी वाडी खळ्यात येवन बसली. काय सांगू तेंका? डुकरांक भियणंय नाय, माकाच भियतंय, असा सांगू? आप्पांच्या पोटचो मी. ह्यो काय सांगाच्यो गोष्टी?"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्याच्या नाही आलं. त्याने माझ्याकडे त्याचा चहाने डागाळलेला रुमाल सरकवला.

"दादा, बेळगावात एक डॉक्टर आहे," मी म्हटलं. रडताना माझी मालवणी सुटते. "मनाचा डॉक्टर. आमच्या पोस्टमास्तरांच्या बायकोला त्याने बरं केलं. तू यायचं. महिन्याला यायचं."

"आणि वाडीत काय सांगू?"

"सांग, वकिलाकडे जातो. कुंदावर केस घातली आहे म्हणून सांग."

तो विचारात पडला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जुनं यायला लागलं. टवाळ माणसाला एखादी बरी थाप सुचली की येतं ते.

"म्हणजे मगे माका तारखा पडतल्यो," तो म्हणाला.

"पडतल्यो."

"वर्षानुवर्षां केस चालतली."

"कोर्टाचं काम आहे. चालणारच."

गडहिंग्लजची गाडी लागली. दादाने माझी पिशवी वर चढवून दिली आणि खिडकीखाली येऊन उभा राहिला. कंडक्टर घंटी मारणार तेवढ्यात तो म्हणाला, "कुंदा, आता वाडीत माका तुका शिव्यो घालूच्यो लागतल्यो."

"घाल."

"बऱ्योच घालूच्यो लागतल्यो. राऊळकाको असो गप बसाचो नाय."

"भरपूर घाल," मी म्हटलं. "आवशीबापाशीवरून नको. ते तुझे पण आसत."

गाडी निघाली तेव्हा तो पुन्हा हसत होता.

ह्याला आता एकवीस-बावीस वर्षं झाली. ह्या सगळ्याची किंमत मोजावी लागली. डोंगरउतारावरचं भात दोन-तीन वर्षांत लोकांनी सोडलं. राऊळकाकांचा थोरला मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला लागला, मग धाकटाही गेला. काका माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. ते वारले तेव्हा मी भेटायला गेले होते, तर त्यांच्या बायकोने दाराआडून सांगितलं, वाट दाखवा हिला. मी परत आले. त्यांची चूक नव्हती. आजही वाडीत माझं नाव निघतं ते बंदूक गिळलेली कुंदा म्हणून. बंदूक ठाण्यात कुठेतरी गंजत पडली असेल, किंवा नसेलही. मी कधी विचारायला गेले नाही. बंदूक असावी की नसावी, ह्यावर पेपरात कुणी काही लिहिलं की मी वाचते आणि पेपर घडी करून ठेवते. दोन्ही बाजूंची माणसं खळ्यात बसलेली मला दिसतात आणि दोघांचंही मला पटतं.

दादा बेळगावला सहा वर्षं येत होता. आधी महिन्याला, मग तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दर खेपेला वाडीला केसची हकीकत घरी जाऊन सांगायचा. जज बदलला म्हणून सांगायचा, वकिलाने पैसे खाल्ले म्हणून सांगायचा. ऐकायला खळं भरायचं.

परवा वहिनीचा फोन आला होता. दादाने सत्तरी ओलांडली. आता चालताना काठी लागते, चढ चढताना दम लागतो. मी विचारलं, बाकी कसा आहे?

"बरे आसत," वहिनी म्हणाली. "काल सांजेक खळ्यात कोणीतरी डुकरांचा काढल्यान. मगे काय. जेवण थंड होयसर तुमका शिव्यो घालीत होते."